संचार मंत्रालयाचं दार नेमकं कोणतं? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं-चौघं धरमपेठेतल्या एका वाचनालयाच्या ओसरीवर टेबल टाकून बसतो. कोणाचा ऑनलाइन फॉर्म अडतो, कोणाला तक्रार कुठे करायची ते कळत नाही, कोणाला नुसतंच कोणीतरी ऐकून घ्यायला हवं असतं. मोबाइल आणि पोस्ट या दोन विषयांवरची गर्दी सगळ्यांत जास्त, आणि हे दोन्ही विषय दिल्लीतल्या एकाच मंत्रालयाचे. प्रश्न मात्र तेच ते. म्हणून एकदाचे लिहून काढले. आम्ही सरकारी माणसं नाही. खालचे नियम आणि दर २०२५ अखेरपर्यंतचे आहेत.

संचार मंत्रालय म्हणजे तेच ना, ज्यांच्याकडे टीव्ही आणि रेडिओ असतो?

नाही. हा घोळ इतका जुना आहे की त्याचंच उत्तर आधी द्यावं लागतं. आकाशवाणी, दूरदर्शन, खासगी वाहिन्या, वर्तमानपत्रं हे सगळं माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे. संचार मंत्रालयाकडे दोनच खाती: दूरसंचार विभाग आणि टपाल विभाग. एक तारेवरून आणि हवेतून जाणाऱ्या निरोपाचं, दुसरं पिशवीतून जाणाऱ्या.

पूर्वी ही दोन्ही खाती एकत्रच होती. जुनी मंडळी अजून ‘पी अँड टी’ (पोस्ट अँड टेलिग्राफ) म्हणतात, कर्मचाऱ्यांच्या कॉलन्यांनाही तेच नाव चिकटलंय. १९८५ मध्ये टपाल आणि दूरसंचार वेगळे झाले. पुढे माहिती तंत्रज्ञानही याच मंत्रालयात होतं, ते २०१६ मध्ये बाहेर पडलं. त्यामुळे आधार, डिजिलॉकर, समाजमाध्यमांवरचे नियम हे आता इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचे. पोस्टात आधार दुरुस्त करून मिळतं म्हणून आधार पोस्टाचं होत नाही.

जून २०२४ पासून मंत्री आहेत ज्योतिरादित्य सिंधिया. मराठी पेपरात शिंदे, हिंदी पेपरात सिंधिया. माणूस एकच. हे स्पष्ट करायचं कारण, एका आजोबांनी आमच्याशी यावर चांगला अर्धा तास वाद घातला होता.

मंत्रालयाचं ऑफिस नागपुरात आहे का? आम्ही थेट तिथंच जाऊ.

मंत्रालय दिल्लीतच. दूरसंचारचं मुख्यालय संचार भवन अशोक रोडवर, टपालाचं डाक भवन संसद मार्गावर. नागपुरात आहेत त्या त्यांच्या फांद्या.

टपालाची फांदी जाडजूड आहे. महाराष्ट्र सर्कलखाली नागपूर हा स्वतंत्र विभाग आहे, त्याच्या प्रमुख पदाला पोस्टमास्तर जनरल म्हणतात. सिव्हिल लाइन्समधलं जीपीओ सगळ्यांना माहीत आहे, चौकालाच त्याचं नाव पडलंय. टपालाची छाननी करणाऱ्या आरएमएसचा ‘एफ’ विभागही नागपूरचा.

दूरसंचारची गोष्ट निराळी. तुमच्या मोबाइलसाठी देशाचे जे परवाना-क्षेत्रांचे तुकडे पाडलेत, त्यांत आपण ‘महाराष्ट्र’ क्षेत्रात येतो, ज्यात गोवाही आहे. मुंबई मात्र वेगळं क्षेत्र. म्हणून फॉर्मवर ‘सर्कल’ विचारलं तर महाराष्ट्र लिहायचं. मुंबईतल्या मुलाने घेऊन दिलेलं सिम असेल, तर त्याचं सर्कल मुंबई असू शकतं, मग तुम्ही बसलेले असा प्रतापनगरात.

घरात सिग्नल येऊन नाही राहिला. मंत्रालयात तक्रार केली तर टॉवरवाले येतील का?

येतील की नाही ते पुढे पाहू, पण पायऱ्या चुकवल्या तर तुमचा कागद फिरून पुन्हा पहिल्या पायरीवरच येतो, हे नक्की.

पहिली पायरी कंपनीचं तक्रार केंद्र. फोन लावा, ॲपवर टाका, काहीही करा, पण तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तो वहीत तारखेसह लिहा. ‘त्या पोरीने सांगितलं होतं, करून देतो’ याला पुढे कुठेच किंमत नाही.

उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. प्रत्येक कंपनीला असं प्राधिकरण ठेवावंच लागतं आणि अपिलाला पैसे लागत नाहीत. ३० दिवसांत अपील करायचं, ३९ दिवसांत त्यांनी निकाल द्यायचा. आमच्या अनुभवात दहातल्या नऊ जणांना ही पायरी आहे हेच माहीत नसतं. आणि गंमत अशी की अपील टाकल्यावर अचानक कंपनीचा माणूस आपणहून फोन करतो.

त्यानंतर केंद्र सरकारचं सार्वजनिक तक्रारींचं पोर्टल, सीपीग्राम्स. तिथं दूरसंचार विभाग निवडायचा आणि आधीचे दोन्ही क्रमांक टाकायचे. २०२४ पासून या पोर्टलवरची तक्रार २१ दिवसांत निकाली काढायची असा दंडक आहे. बंद करताना दिलेलं उत्तर असमाधानकारक असेल, तर तिथंही अपील आहे.

ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही. १९९७ मध्ये झालेली ही संस्था दर, सेवेचा दर्जा आणि नियम ठरवते. तुमची तक्रार तिथं गेली तर ती कंपनीकडे ढकलली जाईल, एवढंच. तक्रारीत पैशाचं नुकसान गुंतलं असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे. दूरसंचारच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत असं कंपन्यांचे वकील वर्षानुवर्षं सांगत आले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो मुद्दा फेटाळला.

बर्डीवर मोबाइल चोरीला गेला. आता?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सीताबर्डी मेन रोडवर चालणं म्हणजे लोटालोटीच. एका गृहिणीचा फोन पिशवीच्या चेनमधून गेला. दुसऱ्या शनिवारी त्या टेबलावर आल्या तेव्हा हातात नवा फोन, नवं सिम आणि रिकामा खोका. खोका सांभाळून ठेवला होता, हे त्यांचं नशीब.

क्रम असा. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार, आणि तिची प्रत. मग कंपनीकडून त्याच नंबरचं दुसरं सिम. मग ‘संचार साथी’ संकेतस्थळावर किंवा ॲपवर हरवलेला फोन ब्लॉक करण्याचा अर्ज. त्यात फोनचा आयएमईआय क्रमांक लागतो. हा १५ आकडी असतो, दोन सिमच्या फोनला दोन असतात आणि ते खोक्यावर छापलेले असतात. खोका नसेल तर बिलावर पाहा. सोबत पोलीस तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र जोडायचं.

यात लोक एका ठिकाणी हमखास अडकतात. अर्जाला ओटीपी लागतो, आणि नवं सिम चालू झाल्यावर सुरुवातीचे २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. ही अडचण नसून राखण आहे: कोणी तुमच्या नावावर खोटं सिम काढून बँकेचा ओटीपी लाटू नये म्हणून. त्या बाईंनी पहिल्या दिवशी सात वेळा ‘ओटीपी पाठवा’ दाबलं आणि संकेतस्थळ बंद पडलंय असं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या दाबात आला.

अर्ज मंजूर झाला की तो फोन देशात कुठल्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही. कोणी त्यात सिम घालून पाहिलं तर पोलिसांना माग काढता येतो, ब्लॉक केल्याने तो माग तुटत नाही. फोन परत मिळाला तर त्याच विनंती क्रमांकाने तो उघडून घ्यायचा. हे विसरलात तर हातात फोन असूनही उपयोग शून्य.

आत्ता, फोन हातात असतानाच, *#०६# दाबा. आयएमईआय पडद्यावर येतो. तो कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, जिथं गॅस सिलिंडरची तारीख लिहिता तिथंच.

जुना फोन विकत घेतोय. चोरीचा तर नाही ना, कसं कळेल?

त्याच संचार साथीवर आयएमईआय टाकून पाहता येतं. नेट नसेल तर रोमन अक्षरांत ‘केवायएम’, एक जागा सोडून १५ आकडे, आणि १४४२२ या नंबरवर एसएमएस. ब्लॉक झालेला किंवा दुसऱ्या फोनवरही तोच क्रमांक असलेला निघाला तर दुकानदाराचं कितीही गोड बोलणं ऐकू नका.

माझ्या नावावर किती सिम आहेत, ते कुठे दिसेल?

पुन्हा संचार साथी. तुमचा नंबर आणि ओटीपी टाकला की तुमच्या नावावर चालू असलेल्या नंबरांची यादी येते. ओळखीचा नसेल त्यापुढे ‘माझा नाही’, नको असेल त्यापुढे ‘गरज नाही’. आपल्याकडे एका व्यक्तीला ९ सिमची मर्यादा. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत ती ६ आहे.

हे लोक हसण्यावारी नेतात. नेऊ नये. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये मर्यादेपेक्षा जास्त सिमसाठी पहिल्यांदा ५० हजार आणि पुढे २ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. फसवणुकीने किंवा दुसऱ्याचं सोंग घेऊन सिम काढलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बसस्टँडसमोर छत्री टाकून ‘फ्री सिम’ वाटणाऱ्याला अंगठा देताना, मशीन ‘बरोबर घेत नाही’ म्हणून तो दुसऱ्यांदा अंगठा मागतो, तेव्हा हे आठवावं. तो दुसरा अंगठा कुणाच्या सिमसाठी होता?

‘ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल, ९ दाबा’ असा फोन आला.

ठेवून द्या. ट्राय कोणाचा नंबर बंद करायला फोन करत नाही, दूरसंचार विभागही नाही. पार्सलचा पत्ता अपुरा आहे म्हणून लिंक दाबून २५ रुपये भरा, असे पोस्टाच्या नावाने येणारे संदेशही त्याच जातीचे.

पैसे गेले नसतील तर असा फोन किंवा संदेश संचार साथीवरच्या ‘चक्षू’ या सोयीत नोंदवा. पैसे गेले असतील तर चक्षू नाही, तडक १९३०. हा सायबर फसवणुकीचा नंबर गृह मंत्रालयाच्या व्यवस्थेतला आहे. पहिल्या तास-दोन तासांत लावला तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. आधी जावयाला विचारतो, मग बँकेत जाऊन येतो, असं करत संध्याकाळ झाली की हातात उरते ती फक्त तक्रारीची प्रत.

जाहिरातींचे फोन बंद कसे करायचे?

१९०९ वर फोन लावा किंवा रोमन अक्षरांत ‘स्टार्ट ०’ असा एसएमएस पाठवा. तरीही आला तर सात दिवसांच्या आत त्याच १९०९ वर तक्रार. १४० ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा, १६०० ने सुरू होणारा बँक-विमा वगैरेंच्या कामाचा. साध्या दहा आकडी नंबरवरून कोणी प्लॉट विकत असेल, तर तो नियम मोडूनच बोलतोय.

संचार साथी ॲप सक्तीचं आहे का? सरकार फोनमध्ये डोकावतं म्हणतात.

सक्तीचं नाही. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दूरसंचार विभागाने नव्या फोनमध्ये हे ॲप आधीच टाकून द्यावं असा आदेश कंपन्यांना दिला होता. त्यावर खासगीपणाच्या मुद्द्यावरून मोठा गदारोळ झाला आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ती सक्ती मागे घेतली गेली. माझं मत विचाराल तर सोय उत्तम आहे, सक्ती चुकीची होती. ॲप नको असेल तर संकेतस्थळावरूनही वर सांगितलेली कामं होतात.

छतावर टॉवर बसवायचं पत्र आलंय, मंत्रालयाचा शिक्का आहे. खरं का?

खोटं. पण यावर जरा थांबतो, कारण या पत्राने आमच्या टेबलावर एका माणसाला अक्षरशः रडवलं.

मानेवाड्याकडचे निवृत्त गृहस्थ. पत्र प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपून आणलेलं. वर तीन सिंह, खाली निळा गोल शिक्का, मधे ‘दूरसंचार मंत्रालय, भारत सरकार’. या नावाचं मंत्रालय मुळात नाहीच, दूरसंचार हा विभाग आहे. त्यांच्या १२०० चौरस फुटांच्या गच्चीला लाखोंची आगाऊ रक्कम, महिन्याचं जाडजूड भाडं आणि वर घरातल्या एकाला चौकीदाराची नोकरी कबूल केली होती. आधी फक्त ‘नोंदणी शुल्क’. मग ‘ना-हरकत शुल्क’. मग ‘विमा’. मग ‘टीडीएस आधी भरा, परत मिळेल’. ते चौथ्या हप्त्याला आमच्याकडे आले, तेही पैसे ऑनलाइन कसे पाठवायचे हे विचारायला. फाइलमध्ये चारही पावत्या पिनांनी ओळीने लावलेल्या. माणूस आयुष्यभर लेखा विभागात होता.

खरी पद्धत अशी: टॉवर बसवणारी कंपनी जागामालकाला पैसे देते, त्याच्याकडून घेत नाही. दूरसंचार विभाग किंवा ट्राय खासगी गच्चीसाठी कोणतंही ना-हरकत प्रमाणपत्र विकत नाही, कर गोळा करत नाही, पत्रं पाठवत नाही. कोणीही टॉवरसाठी आगाऊ एक रुपया जरी मागितला, तरी तिथंच विषय संपवा.

शेजारच्या टॉवरच्या किरणांनी आजार होतात का?

भारतात टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय आयोगाने सुचवलेल्या मर्यादेच्या एक दशांश आहे, सप्टेंबर २०१२ पासून. तुमच्या भागातला टॉवर त्यात बसतो का, हे दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर नकाशातच पाहता येतं. सोसायटीच्या बैठकीत भांडण्याआधी तिथं पाहून जावं. आणि सकाळी ‘टॉवर हटवा’च्या निवेदनावर सही करणारेच संध्याकाळी सिग्नल नाही म्हणून येतात, हेही सांगून टाकतो.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची आहे.

रोमन अक्षरांत ‘पोर्ट’ लिहून पुढे आपला नंबर, आणि १९०० वर एसएमएस. आठ अक्षरी कोड येतो, तो चार दिवस चालतो. नव्या कंपनीच्या दुकानात ओळखपत्र घेऊन जा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण हवेत, थकबाकी नको. सिम नुकतंच बदललं असेल तर जुलै २०२४ पासून सात दिवस थांबावं लागतं.

बीएसएनएल सुधारलं म्हणतात, घ्यावं का?

२७ सप्टेंबर २०२५ ला बीएसएनएलचं स्वदेशी बनावटीचं ४जी सुरू झालं. गाभा सी-डॉट या सरकारी संस्थेचा, रेडिओची यंत्रं तेजस कंपनीची, जुळणी टीसीएसची. अशी स्वतःची यंत्रणा मोजक्याच देशांकडे आहे, तेवढ्यापुरती शाबासकी. पण खासगी कंपन्यांनी ५जी ऑक्टोबर २०२२ मध्येच आणलं होतं, तेव्हा उशीर तो उशीरच.

घ्यावं का, हे गल्लीवर अवलंबून. शेजाऱ्याचं सिम मागून घरातल्या सगळ्यांत आतल्या खोलीत जाऊन पाहा. गडचिरोलीच्या आतल्या भागात किंवा मेळघाटात जाणं-येणं असेल तर एक सिम बीएसएनएलचं असू द्या.

रजिस्टर्ड पोस्ट बंद झालं? नोटीस कशी पाठवायची?

वकीलमंडळींपासून घरमालकांपर्यंत सगळे हे विचारतात. ‘रजिस्टर एडी’ हा शब्द आपल्या भांडणांचा भागच होता ना: ‘तुला रजिस्टर एडी पाठवतो, थांब!’

झालं असं की २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं. म्हणजे नोंदणी हा प्रकार गेला नाही, त्याची स्वतंत्र खिडकी गेली. आता स्पीड पोस्ट करताना ‘रजिस्ट्रेशन’ हवं असं काउंटरवर सांगायचं. पाकिटामागे ५ रुपये आणि त्यावर जीएसटी. मग ते पाकीट ज्याचं नाव आहे त्याच्याच किंवा त्याने अधिकार दिलेल्याच्याच हाती पडतं. न सांगितल्यास साधं स्पीड पोस्ट जाईल आणि घरातल्या कोणाच्याही हाती पडेल. नोटिशीच्या बाबतीत हा फरक कोर्टात दिसतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासूनचे दर: ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये, बाहेरगावी ४७ रुपये, वर जीएसटी. इतवारीतून महालात १९, नागपुरातून दिल्लीला ४७. विद्यार्थ्यांना १० टक्के सूट आहे, ती मागितल्याशिवाय मिळेल असं धरून चालू नका. ओटीपी दाखवूनच पाकीट मिळेल अशी सोयही ५ रुपयांत आहे.

पाकीट हरवलं तर पावतीवरचा क्रमांक हाच तुमचा आधार. १८०० २६६ ६८६८ या टपालाच्या नंबरवर किंवा त्यांच्या संकेतस्थळावर तक्रार करा. तेवढ्याने भागलं नाही तर विभागीय कार्यालयाच्या डाक अदालतीत अर्ज टाकता येतो. तिथं अधिकारी समोर बसून ऐकतात. आमच्याकडून गेलेल्या एका बाईंचं अडकलेलं प्रकरण तिथंच सुटलं.

पिन कोड कोणी काढला? आणि ४४० म्हणजे काय?

हा प्रश्न शाळकरी पोरं विचारतात आणि आम्हाला सगळ्यांत आवडतो. पिन कोड काढला एका मराठी माणसाने: श्रीराम भिकाजी वेलणकर. संचार मंत्रालयात अतिरिक्त सचिव, टपाल व तार मंडळाचे सदस्य आणि त्याबरोबर संस्कृतातले पट्टीचे कवी. एकाच नावाची गावं, एकाच नावाची माणसं, निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते, या गोंधळावर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. १५ ऑगस्ट १९७२ ला तो लागू झाला.

४४०००१ घ्या. पहिला ४ म्हणजे पश्चिम-मध्य भारताचा पट्टा: महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ४४ वर आलात की विदर्भ. ४४० म्हणजे नागपूरचा छाननी जिल्हा. शेवटचे तीन आकडे प्रत्यक्ष पोस्टाचे: ००१ जीपीओ, ०३२ महाल. पत्रावर नुसता ‘४४००३२’ लिहिलात आणि वर नाव-घर नीट असेल, तर ‘नागपूर’ लिहायला विसरलात तरी पत्र नागपुरात येतं. करून पाहिलंय.

डिजिपिन आला म्हणजे पिन जाणार?

नाही. डिजिपिन हा दहा अक्षर-अंकांचा कोड, मे २०२५ मध्ये टपाल विभागाने आणला. देशाचा नकाशा साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटींत कापून प्रत्येक चौकटीला एक कोड. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या दूरसंवेदन केंद्राने तो घडवायला हातभार लावला. पत्ता तसाच राहतो, पिनही तसाच. ‘मारुतीच्या देवळामागून डावीकडे, पिंपळाच्या पुढचं’ असे पत्ते असलेल्या नव्या लेआउटांत हा कामाचा आहे.

आजोबा म्हणतात, देशभराचं टपाल रात्री सोनेगावला यायचं. खरं का?

खरं, आणि नागपूरकरांनी थोडं मिरवावं असं. स्वातंत्र्यानंतरचे पहिले संचार मंत्री रफी अहमद किडवाई. त्यांच्या काळात, १९४९ च्या जानेवारीत रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांतून रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र यायची. इथं पिशव्यांची अदलाबदल. मुंबईची कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची दिल्लीच्या. मग प्रत्येक विमान आलं तिकडे माघारी, पहाटेपर्यंत घरी. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात.

नागपूरच का? नकाशावर बोट ठेवा, चारही शहरांच्या मधोमध आपणच सापडतो. झिरो माइलचा खांब दाखवून पाहुण्यांना आपण जे सांगतो, त्याचा खरा उपयोग कोणी केला असेल तर टपालवाल्यांनी. प्रवासीही असायचे त्या विमानांत. डिसेंबरातल्या नागपुरी थंडीत, मध्यरात्री, चार दिशांची माणसं एकाच विश्रामगृहात चहा पितायत आणि बाहेर हमाल पिशव्या ओढतायत, असं चित्र आजोबांनी इतकं रंगवलं की आम्ही टेबल आवरायला विसरलो. सत्तरच्या दशकापर्यंत हे चाललं.

तार अजून करता येते का?

नाही. १५ जुलै २०१३ ला बंद झाली. ज्या कायद्यावर ती उभी होती, त्या १८८५ च्या तार कायद्याची जागाही आता २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने घेतोय. १८९८ चा पोस्ट ऑफिस कायदाही गेला, नवा कायदा १८ जून २०२४ पासून लागू.

पोस्टाच्या ठेवींचे व्याजदर संचार मंत्री वाढवतील का?

त्यांच्या हातात नाही. लहान बचतीचे दर वित्त मंत्रालय दर तिमाहीला जाहीर करतं, पोस्ट फक्त खिडकी चालवतं. महिला सन्मान बचत योजनेत नवी गुंतवणूक ३१ मार्च २०२५ ला थांबली, तरी अजून लोक तिच्यासाठी रांगेत उभे राहतात.

आणखी एक गल्लत: पोस्टाचं बचत खातं आणि इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं ही दोन वेगळी खाती आहेत. पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली, तिच्यात दिवसाअखेर २ लाखांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि ती कर्ज देत नाही. पण तिचा पोस्टमन घरी येऊन आधारच्या अंगठ्यावर पैसे काढून देतो. अंथरुणाला खिळलेल्या आईची पेन्शन काढायला तिला रिक्षात घालून नेण्यापेक्षा हे बरं.

पोस्टात पासपोर्ट मिळतो, मग तक्रार पोस्टाकडे?

जागा पोस्टाची, पासपोर्ट परराष्ट्र मंत्रालयाचा. तक्रार पासपोर्ट कार्यालयाकडे.

शहरात इंटरनेट बंद करतात, ते मंत्रालय करतं का?

नियम केंद्राचे, पण राज्यात हुकूम काढतात गृह खात्याचे सचिव. नोव्हेंबर २०२४ च्या नियमांप्रमाणे एक आदेश जास्तीत जास्त १५ दिवसांचा, त्यात कारण लिहिलेलं हवं आणि तो प्रसिद्धही करावा लागतो. कंपनीच्या ग्राहक सेवेवर ओरडून उपयोग नाही, त्यांना आदेश पाळावाच लागतो.

मंत्र्यांना पत्र लिहिलं तर उपयोग होतो का?

पत्र पोहोचतं, पण शेवटी ते त्याच विभागाच्या त्याच अधिकाऱ्याच्या टेबलावर येतं, जिथं पोर्टलवरची तक्रार आली असती. पोर्टलचा फायदा म्हणजे नोंदणी क्रमांक आणि मुदत. तरी लिहायचंच असेल तर कंपनीचा तक्रार क्रमांक, अपिलाचा क्रमांक, तारखा आणि तुमचा मोबाइल नंबर पहिल्या चार ओळींत लिहा, देशाच्या परिस्थितीवरचं मत नंतर. पत्ता: संचार भवन, २० अशोक रोड, नवी दिल्ली ११०००१. पोस्टकार्ड अजूनही ५० पैशांना आहे. काउंटरवर सुटे नसतात, म्हणून दोन घ्या.